टाकीत आहे, इंजिनात नाही

हौशी : जुनी इंजेक्शनची गाडी घेऊन कोणी ट्रॅकवर उतरणार असेल, तर ब्रेक आणि टायर झाल्यावर लगेच मी त्याला स्वर्ल पॉट बसवायला सांगतो. लिटर-दीड लिटरचं उभं, बंद भांडं. टाकीतला एक कमी दाबाचा पंप ते सतत भरत राहतो. भांड्याच्या तळातून मुख्य पंप पेट्रोल उचलतो आणि इंजेक्टरकडे पाठवतो. इंजिनाने न वापरलेलं पेट्रोल रेग्युलेटरमधून परत याच भांड्यात येतं, आणि जे उतू जाईल ते हवेसकट वरच्या नळीतून टाकीत जातं. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला पळालं, टाकीतला पंप चार सेकंद नुसती हवा ओढत बसला, तरी मुख्य पंपाला त्याचा पत्ता लागत नाही. कार्बोरेटरच्या जमान्यात हे काम फ्लोट चेंबर फुकटात करायचा. त्यात थोडं पेट्रोल कायम असायचं आणि तेवढ्यावर इंजिन निभावून न्यायचं. इंजेक्शन आलं तेव्हा तो साठा गेला आणि त्याच्या जागी तीन बारचा दाब आला. बॉशच्या के-जेट्रॉनिकमध्ये तर पाचच्या आसपास. के-जेट्रॉनिकमधला ॲक्युम्युलेटर हा साठा आहे अशी काहींची समजूत असते. तो गाडी बंद केल्यावर दाब टिकावा, गरम इंजिन पुन्हा सुरू व्हावं यासाठी आहे. वळणावर तो काही कामाचा नाही. पंपाच्या तोंडाशी हवा आली की दाब तिथल्या तिथे कोसळतो.

शंकेखोर : वर्णन बिनचूक आहे. सल्ला मात्र घाईचा. गाडी वळणावर खोकली रे खोकली की ‘पेट्रोल सरकलं’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आता रीतच पडली आहे. दुसऱ्या पिढीची गोल्फ जीटीआय घ्या, १९८४ सालची. तिला फोक्सवॅगननेच दोन पंप दिले होते. एक लहान पंप टाकीत आणि मुख्य पंप गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाजवळ, एका प्लॅस्टिकच्या भांड्यात. म्हणजे तुमचा स्वर्ल पॉट कारखान्यातूनच आलेला. टाकीतला लहान पंप म्हातारा होऊन मरतो तेव्हा गाडी बंद पडत नाही, खरा घोळ तिथेच होतो. टाकी भरलेली असेपर्यंत मुख्य पंप स्वतःच पेट्रोल ओढून घेतो, फक्त त्याचं गुणगुणणं वाढतं. टाकी निम्म्याखाली गेली की चढावर आणि वळणावर झटके सुरू होतात. मालक म्हणतो, पेट्रोल सरकतंय, मोठा पॉट बसवू या. प्रत्यक्षात एक मेलेला पंप बदलायचा असतो.

आणि पंपच कशाला? टाकीचा श्वास घ्यायची नळी बुजलेली असते. झाकण उघडलं की सूं करून हवा आत जाते, तेवढ्यावरून कळतं. टाकीच्या तळाशी तीस-चाळीस वर्षांचा गंज साचलेला असतो आणि तो पंपाआधीच्या जाळीला चिकटतो. पंपाकडे जाणारी वायर मूळचीच बारीक, तिच्या टोकांना हिरवट गंज चढलेला. बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट आणि पंपापाशी अकरा. तेवढ्यात पंपाचा प्रवाह चांगलाच घटतो. या सगळ्या दुखण्यांचं लक्षण एकच आहे, जोर मागितला की गाडी खोकते. माझं म्हणणं एवढंच की आधी दाबाचा गेज लावा, रिटर्नची नळी मापाच्या बरणीत सोडा, अर्ध्या मिनिटात किती पेट्रोल येतं ते बघा आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. भांडं त्यानंतर.

हौशी : हे सगळं करावं, यात दुमत नाही. पण हे सगळं ठणठणीत असलेली गाडीसुद्धा कोरडी पडते, ते का हे आकड्यांतच बघू. वळणावर बाहेरच्या बाजूला जितका जोर लागतो, त्या प्रमाणात पेट्रोलचा पृष्ठभाग कलतो. अर्ध्या जीला साधारण २७ अंश, एक जीला सरळ ४५. आता ८० सेंटीमीटर रुंद, ५० लांब आणि २० उंच अशी चपटी टाकी धरा. ८० लिटरची झाली. तिच्यात १० लिटर आहेत, म्हणजे परातीत पाणी असावं तसं अडीच सेंटीमीटर पसरलेलं पेट्रोल. एक जीच्या वळणावर ते सगळं बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतं आणि तळाचे जेमतेम २० सेंटीमीटर व्यापतं. पंपाचं तोंड मधोमध आहे, भिंतीपासून ४० सेंटीमीटरवर. पेट्रोल त्याच्यापासून वीतभर लांब! १० ऐवजी २० लिटर असले तरी ते ३० सेंटीमीटरपर्यंतच पोचतं. मधलं तोंड भिजायला ३० लिटरच्या वर साठा लागतो. म्हणजे टाकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरलेली असताना, काटा मजेत वर असताना इंजिन उपाशी राहू शकतं.

(हा हिशेब मी कागदावर ताडून पाहिला, तो बरोबर आहे. पण तो आडपडदा नसलेल्या टाकीचा आणि बराच वेळ एकसारख्या चाललेल्या वळणाचा आहे. हौशी मंडळी आपल्या बाजूचे आकडे नेहमी सगळ्यात वाईट टाकीतून काढतात.)

हौशी : आणि ट्रॅकच कशाला? आंबेनळी घाटातल्या एखाद्या आखूड वळणावर जरा रेटून गेलात की ०.३ जी सहज होतो. तेवढ्यात हे १० लिटर ३६ सेंटीमीटरपर्यंत येऊन थांबतात, मधल्या तोंडाच्या अलीकडेच. त्यातून चढ असेल तर पेट्रोल मागेही धावतं. कार्बोरेटरच्या गाडीला हे जाणवलंच नसतं. इंजेक्शनची गाडी खोकते, आणि खोकते ते बरंच म्हणायचं. कारण त्याआधी अर्धा सेकंद काय झालं ते कानाला कळत नाही. दाब पडला की इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण पेट्रोल कमी पडतं. मिश्रण पातळ होतं, तेही थ्रॉटल उघडा आणि भार पूर्ण असताना. ज्वलनाचं तापमान वाढतं, इंजिन ठोकायला लागतं. असं एकदा झालं तर काही बिघडत नाही. पण प्रत्येक फेरीत त्याच वळणातून बाहेर पडताना झालं की पिस्टनचा माथा झिजत जातो आणि एक दिवस भोक पडतं. तेव्हा लक्षण दिसेपर्यंत थांबा हा सल्ला मला परवडत नाही.

शंकेखोर : टाकी म्हणजे परात नव्हे. बऱ्याच टाक्यांच्या तळाला खोलगट डबकं असतं, पंपाच्या तोंडाभोवती पत्र्याचे आडपडदे असतात, कधी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्यामुळे पेट्रोल आत येतं, पण परत जायला वेळ लावतं. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत टाकी मधल्या शाफ्टवर खोगिरासारखी बसलेली असते. तिथे दूरच्या खणातलं पेट्रोल पंपाच्या खणात आणायला रिटर्नच्याच प्रवाहावर चालणारा जेट पंप असतो. त्याला वीज नाही, हलणारा भागही नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांना तुमचा हिशेब ठाऊक होता.

आणि सगळ्यात स्वस्त इलाज तुम्ही स्वतःच सांगून गेलात. ३० लिटरच्या वर ठेवा. १० लिटर असताना ३० करायचे म्हणजे २० लिटर जादा, साधारण १५ किलो वजन. तुमचा पॉट, दुसरा पंप, नळ्या, जोड, कंस आणि त्यातलं पेट्रोल धरलं तर वजनात फार मोठी बचत होत नाही. गाडी कापावी लागत नाही, आगीची एकही नवी जागा तयार होत नाही. रिझर्व्हला लागलेली गाडी ट्रॅकवर नेऊन वर कंपनीला नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

फ्लोट चेंबरचं कौतुकही जरा बेतानं करा. १९४० साली स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनांना कार्बोरेटर होते. वैमानिकाने नाक एकदम खाली दाबलं की चेंबरमधलं पेट्रोल वर उडायचं आणि इंजिन अडखळायचं. मग फ्लोट भलतीकडे जाऊन झडप सताड उघडायची, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा पूर यायचा आणि इंजिन चक्क बंद पडायचं. समोरच्या मेसरश्मिटच्या डाइमलर इंजिनाला इंजेक्शन होतं, तो बिनधास्त सूर मारून निघून जायचा. यावर फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बिएट्रिस शिलिंग या बाईंनी तोडगा काढला. पेट्रोलच्या वाटेत एक लहानशी भोक पाडलेली चकती बसवायची, आणि भोक एवढंच ठेवायचं की पूर्ण जोरावर इंजिनाला लागेल तितकंच पेट्रोल जाईल, पूर येणार नाही. १९४१च्या सुरुवातीला त्या स्वतः विमानतळा-विमानतळांवर जाऊन चकत्या बसवून देत होत्या. ब्रूकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवलेली ही बाई. तिला वेगाची हौस तुमच्यापेक्षा कमी नव्हती. पण तिने आधी मोजलं आणि इंजिनाला नेमकं किती लागतं या एका आकड्यावर उपाय उभा केला. नवीन टाकी बसवली नाही.

हौशी : शिलिंगबाईंना माझा नमस्कार. पण तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या चकतीने पूर थांबला. नाक खाली घालून सतत उलटं उडायचं तर इंजिन तरीही अडखळायचंच. ती वेळ मारून न्यायची सोय होती, आणि खरा इलाज म्हणून पुढे दाबावर चालणारे कार्बोरेटर आले. मी तोच खरा इलाज मागतोय.

टाकी भरून ठेवा म्हणता. रस्त्यावर ठीक आहे. ट्रॅकवर काय होतं बघा. दोनशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पूर्ण जोरावर एका किलोवॉट-तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल धरलं, तर तासाला ४५ किलो होतं. म्हणजे ६० लिटर, मिनिटाला एक. थ्रॉटल सतत पूर्ण उघडा नसतो हे मान्य, तरी वीस-पंचवीस मिनिटांच्या सत्रात टाकी तुमच्या रेषेच्या खाली येणारच, आणि तीही टायर गरम होऊन पकड सगळ्यात जास्त असताना. ज्या इंजिनिअरांनी आडपडदे बसवले त्यांच्यासमोर १९७०-८०चे टायर होते. त्यांच्यावर गाडी पाऊण जीला घसरायला लागायची. आज त्याच गाडीला आपण अर्धे स्लिक टायर घालतो आणि ती एक जीला चिकटून राहते. ३७ अंशांसाठी केलेल्या टाकीकडून आपण ४५ अंशांची अपेक्षा करतो. त्यांची चूक नाही. आपण गाडी बदलली आहे, फक्त टाकीला ते सांगितलेलं नाही.

आता पॉटने मिळतं काय, तेही मोजू. इंजिन मिनिटाला एक लिटर खातं. रिटर्न पॉटमध्येच येत असेल, तर दीड लिटरचा पॉट पूर्ण जोरावर ९० सेकंद पुरतो. पण बरेच मिस्त्री रिटर्न जुन्या सवयीने मूळ टाकीतच ठेवतात. तसं केलं की पॉट रिकामा करणारं इंजिन राहत नाही, पंप राहतो. तासाला २५० लिटरचा पंप, म्हणजे मिनिटाला चार लिटरच्या वर. तोच पॉट २१ सेकंदांत खाली. पॉट तोच, पंप तोच, एक नळी कुठे जोडली यावर ९० की २१ हे ठरतं. म्हणून मी म्हणतो की पॉट बसवणं ही विचारपूर्वक करायची गोष्ट आहे.

शंकेखोर : हा हिशेब मला आवडला, कारण तो तुमच्याच विरुद्ध जातो. ट्रॅकवरचं लांबच लांब वळण सात-आठ सेकंदांचं. आठ सेकंदांत इंजिन पूर्ण जोरावर लिटरचा आठवा हिस्सा खातं. मग दीड लिटर कशासाठी? अर्धा लिटर पुरला पाहिजे. त्यात ३० सेकंद निघतात. वळण संपल्यावर टाकीतला पंप तासाला १२० लिटर देत असेल, तर इंजिनाचं भागवून मिनिटाला एक लिटर उरतो, म्हणजे आठ सेकंदांत गेलेलं आठ सेकंदांत भरून निघतं. अर्ध्या लिटरहून मोठा पॉट वळणासाठी लागतच नाही. तो लागतो टाकीतला पंप दुबळा असेल तर.

आणि नेमका तिथे तुमचा पॉट घात करतो. समजा टाकीतला पंप थकलाय, १२०च्या जागी ५० लिटर देतोय. पॉट नसता तर गाडी पहिल्याच फेरीत खोकली असती, तुम्ही आत आला असता, पंप बदलला असता. पॉट आहे म्हणून ती खोकत नाही. इंजिन तासाला ६० मागतं, ५० मिळतात, १०ची तूट पॉट भागवतो. पूर्ण जोरावर धरलं तर दीड लिटर नऊ मिनिटं पुरतो. ट्रॅकवर मधूनमधून थ्रॉटल सुटतो, म्हणजे आणखी जास्त. तोवर सगळं छान. मग पॉट रिकामा होतो, आणि तो वळणावर होत नाही. तो होतो लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, पाचव्या गिअरमध्ये, पूर्ण भाराखाली, म्हणजे पातळ मिश्रणाने सगळ्यात जास्त नुकसान होईल अशा जागी. वळणावरचा खोकला ही सूचना होती. तुम्ही ती बंद केलीत आणि बिल पुढे ढकललंत.

त्यात उष्णता आहे. मुख्य पंपाला जाणारी वीज बहुतेक उष्णता होऊन पेट्रोलमध्येच उतरते, आणि रिटर्न इंजिनाची गरमी घेऊन येतं. पूर्वी ही गरमी सगळ्या टाकीत पसरायची, आता ती एका तांब्याएवढ्या भांड्यात फिरते. लोक तो पॉट बसवतात तरी कुठे, तर बॉनेटखाली, एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर, कारण चकचकीत ॲल्युमिनियम दाखवायला बरा दिसतो! ट्रायम्फची आठवण करा. १९६७ची टीआर ५ आणि मग टीआर ६, लुकासचं यांत्रिक इंजेक्शन, शंभर पीएसआयच्या वरचा दाब, डिकीत बसवलेला पंप. उन्हाळ्यात टाकी खाली आली, पेट्रोल गरम झालं की पंपाच्या तोंडाशी वाफ धरायची आणि गाडी रस्त्यात थांबायची. पंपावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवून घरी पोचलेल्या इंग्रजांचे किस्से आजही सांगतात. टाकीत पेट्रोल होतं, पंपाच्या तोंडाशीही होतं, फक्त ते द्रवरूपात नव्हतं. इंग्लंडच्या उन्हाळ्यात ही गत, तर आपल्या मे महिन्यात काय होईल?

हौशी : ट्रायम्फ माझ्या बाजूने साक्ष देते! तिचा पंप बिचारा एकटाच होता. पेट्रोल ओढायचंही त्यानेच आणि दाबायचंही त्यानेच. इंजेक्शनचे पंप ढकलायला बनवलेले असतात, ओढायला नाही. ओढायला लावलं की त्यांच्या तोंडाशी दाब कमी होतो, आणि कमी दाबात गरम पेट्रोल उकळतं. पॉट असता, तर टाकीतल्या लहान पंपाने त्याला भरल्या तोंडाने पेट्रोल दिलं असतं. नंतरच्या गाड्यांत पंप टाकीतच का गेला? बुडलेला असला की ओढायचं काम उरत नाही आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. आपल्याकडे दोन हजार सालाच्या सुमारास ज्या गाड्या पाठीवर ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं मिरवत आल्या, त्यांच्या मालकांना सदा रिझर्व्हवर गाडी चालवू नका असं सांगायचे, ते यासाठीच.

गरमीचं म्हणाल, तर पॉट मागे ठेवा, टाकीच्या शेजारी, केबिनपासून पत्र्याच्या भिंतीने वेगळा. उतू जाणारी नळी मोठी ठेवा. टाकीतला पंप गरजेपेक्षा जास्त देत असला की जास्तीचं पेट्रोल गरमी घेऊन टाकीत परत जातच असतं. पंपाआधीचा फिल्टर जाड जाळीचा, बारीक फिल्टर पंपाच्या पुढे. ओढण्याच्या बाजूची नळी रुंद आणि आखूड. हे पाळलं तर तुमच्या निम्म्या हरकती उरत नाहीत.

शंकेखोर : आणि न पाळणाऱ्यांचं काय? मी तुमच्याशी वाद घालत नाहीये, तुमचा सल्ला ऐकून जो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जाणार आहे त्याच्याशी घालतोय. तो कार्बोरेटरची नळी पाच बारच्या दाबाला लावेल, कारण बोटाला ती सारखीच जाडजूड लागते. दुसऱ्या पंपाची वायर सरळ चावीला जोडेल. के-जेट्रॉनिकच्या मूळ रिलेला इग्निशनचे ठोके मिळाले नाहीत की तो पंप बंद करतो. म्हणजे गाडी आदळली, इंजिन थांबलं की पेट्रोल थांबतं. चावीला जोडलेला पंप थांबत नाही. नळी तुटलेली असेल तर तो पेट्रोल ओतत राहतो, गरम एक्झॉस्टवर. पॉट बसवायचा म्हणजे आठ-दहा नवे जोड, आठ-दहा नव्या क्लिपा. त्यातली कुठली क्लिप सैल निघेल हे कोणी सांगावं?

त्यात आपल्या पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. त्याला नीट जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल सात-आठ टक्के जास्त लागतं. लॅम्ब्डा सेन्सर नसलेल्या जुन्या के-जेट्रॉनिकला हे कळत नाही. ती मुळातच पातळ चालायला लागते, वळण असो की नसो. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला खातं, टाकीतली जुनी घाण सोडवून फिल्टरमध्ये आणतं, पाणी धरून ठेवतं. या गाडीला आधी टाकी धुणं, सगळ्या नळ्या बदलणं, मिश्रण पुन्हा लावणं हवं. तुम्ही तिला भांडं देता.

हौशी : नळ्या बदलायच्याच आहेत, तर नकाशा तरी जुनाच का ठेवायचा? इथेनॉलने पंपाकडून जास्त प्रवाह मागितला, टायरने जास्त कल मागितला, आणि आपण फक्त रबर नवं घालायचं? मूळ गाडी जपायची म्हणाल तर माझे सगळे जोड स्क्रूचे आहेत, एकही भोक नाही. उद्या काढून मूळ नळ्या लावता येतील.

पण तुमची एक गोष्ट मला खरंच लागली. पॉट सूचना बंद करतो, ही. ती मी मान्य करतो. म्हणून सूचना दुसरीकडून आणू. इंजेक्टरच्या रेलवर दाबाचा सेन्सर लावायचा. दाब ठरावीक रेषेखाली गेला आणि थ्रॉटल उघडा असला की इग्निशन तोडायचं. इंजिन पातळ जळण्याऐवजी जळायचंच थांबेल. आधुनिक ईसीयू हे सहज करतो, आणि के-जेट्रॉनिकच्या गाडीलाही एक लहान डबी लावून करता येतं.

शंकेखोर : वळणाच्या मध्यावर इग्निशन तोडणार? ती गाडी १९७०च्या दशकातली पोर्श ९११ असेल तर? इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात जोर अचानक गेला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी आपणहून बाहेर निघते. पाय थ्रॉटलवरून उचलू नका हे ज्या गाडीच्या चालकाला पहिल्या दिवशी शिकवतात, तिथे तुमची डबी त्याच्या वतीने पाय उचलणार. इंजिन वाचेल, गाडी भिंतीत जाईल. आणि नीट पाहिलंत तर पेट्रोल तुटणं हीच मुळात तशी घटना आहे. आपण मघापासून पिस्टनबद्दल बोलतोय, त्या क्षणी चाकांना काय होतं याबद्दल दोघांनीही तोंड उघडलेलं नाही.

हौशी : हे खरं आहे. माझ्या बाजूचं याहून मोठं कारण मला सुचलं नव्हतं! वळणात पेट्रोल तुटणं इंजिनापेक्षा चालकाला घातक असेल, तर टाकी भरून ठेवा आणि लक्षणाची वाट बघा हे धोरण चालणार नाही, पॉट हवाच. पण इग्निशन तोडणंही चालणार नाही, हे तुमचं कबूल. मग दिवा लावू.

शंकेखोर : वळणात दिवा कोण बघतो? आणि दाबाचा दिवा लागेपर्यंत दाब गेलेलाच असतो.

हौशी : दाबाचा नको, पातळीचा. पॉटमध्येच एक फ्लोट स्विच, निम्म्या उंचीवर. दीड लिटरपैकी पाऊण लिटर गेलं की दिवा लागतो, आणि अजून पाऊण लिटर शिल्लक असतं. रिटर्न पॉटमध्ये आहे, म्हणजे पूर्ण जोरावरही ४५ सेकंद हातात आहेत. वळण पार पडतं, गाडी सरळ होते, मग दिव्याकडे बघायला सवड मिळते. दीड लिटर कशाला, असं तुम्ही मघाशी विचारलंत. वळणासाठी तुमचा अर्धा लिटर पुरतो. उरलेला लिटर या सूचनेसाठी. दिवा सरळ रस्त्यावर थोड्या वेळात विझला तर वळणांचा परिणाम होता, टाकी खाली आली आहे. नाही विझला तर टाकीतला पंप गेलाय, आत या. तुमची सूचना तुम्हाला परत मिळाली, तीही आधीपेक्षा स्पष्ट.

शंकेखोर : उभ्या गाडीत मिळाली. चालत्या पॉटमध्ये रिटर्न फेस घेऊन येतं, टाकीतला पंप हवा मिसळून पाठवतो. तुमचा फ्लोट पेट्रोलवर तरंगणार की फेसावर? फेसावर तरंगला तर पॉट भरलेला दाखवेल आणि तळातून मुख्य पंप बुडबुडे ओढत असेल. रिटर्न भिंतीला घासून आणलं, भोवऱ्यासारखं फिरवलं तर हवा मध्ये गोळा होऊन वर जाते, मान्य. पण मग मध्ये खळगा पडतो, आणि फ्लोट नेमका त्या खळग्यात असेल तर भरलेला पॉट रिकामा दाखवेल. मग आठवड्याभरात चालक दिव्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल.

हौशी : फ्लोटला जाळीचं कवच घालू, खळग्यापासून दूर, भिंतीजवळ, रिटर्नच्या तोंडाच्या खालच्या बाजूला. आणि पहिला महिना दिव्याबरोबर दाबही नोंदवून ठेवू. दिवा लागला तेव्हा दाब किती होता, किती सेकंदांनी विझला, टाकीत किती लिटर होते.

शंकेखोर : ती नोंद पॉट बसवण्याआधीही करा. एक सत्र मूळ नळ्यांवर, निम्म्याहून जास्त टाकी, गेज लावून. दाब एकदाही हलला नाही तर?

हौशी : तर टाकी पाव होईपर्यंत चालवत राहीन, आणि तो कुठे हलतो ते बघेन.

शंकेखोर : ९११ मध्ये?

हौशी : गोल्फमध्ये. तिचा टाकीतला पंप नवा टाकून.